दोन मापे, दोन उत्तरे : विभवांतर व विद्युतधारा यांवरून रोध आणि शक्ती

स्मरणिका म्हटली की तीत आठवणी असतात, ऋणनिर्देश असतो, शाळेच्या वाटचालीचा आलेख असतो. त्यांच्या जोडीला एक धडाही असावा, असे आम्हांस वाटले. कारण शाळा सोडून गेलेला विद्यार्थी आज कोणाचा तरी पिता आहे, कोणाची तरी माता आहे. त्याच्या घरात विजेचा मीटर आहे, शेतात मोटार आहे, न्हाणीघरात पाणी तापविण्याचा रॉड आहे. दहावीच्या विज्ञानात शिकलेली दोन छोटी सूत्रे परीक्षेनंतर बहुतेकांच्या विस्मरणात जातात. परंतु त्यांची खरी गरज परीक्षेनंतरच सुरू होते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तोच पाठ पुन्हा एकदा, घरातील वस्तू समोर ठेवून, मांडीत आहोत.

या पाठाचे सार एका वाक्यात सांगता येते. विजेच्या कोणत्याही उपकरणाविषयी विभवांतर आणि विद्युतधारा ही दोन मापे ठाऊक असतील, तर एका भागाकाराने त्याचा रोध कळतो आणि एका गुणाकाराने त्याची शक्ती कळते. एवढ्यावरून कोणती तार तापेल, कोणता दिवा मंद जळेल आणि कोणत्या ठिकाणी धोका आहे, याचा अंदाज ज्याचा त्याला बांधता येतो.

पाण्याची उपमा, आपल्याच जिल्ह्यातली

वीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिक्षक तिला पाण्याची उपमा देतात. ही उपमा शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. तेथे उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली सुमारे १५ किलोवॅट क्षमतेचा लहानसा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. ग्रामस्थांनी श्रमदान केले, नर्मदा बचाव आंदोलनाने पुढाकार घेतला आणि केरळमधील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी या संस्थेच्या तरुण अभियंत्यांनी तंत्रज्ञान पुरविले. गावाने आपली वीज आपणच निर्माण केली. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटात गावकरी वाहत्या पाण्यावर वीज निर्माण करतात तो भाग पुष्कळांनी पाहिला असेल. त्या कथेचे नाते बिलगावच्या कामाशी जोडले जाते. पुढे २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्याने हा प्रकल्प बुडाला. प्रकल्प राहिला नाही. पण त्याने शिकविलेले गणित राहिले आहे.

धबधब्यापासून किती शक्ती मिळेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी किती उंचीवरून पडते आणि दर सेकंदाला किती पाणी पडते. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमान, एक मीटर खाली आले की सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. समजा, धबधब्याची उंची ९ मीटर आहे आणि दर सेकंदाला १७० लिटर पाणी पडत आहे. तर

९.८ × ९ × १७० = सुमारे १५,००० ज्यूल प्रतिसेकंद, म्हणजेच १५,००० वॅट.

(यंत्रात काही ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात पाणी याहून अधिक लागते.) उंची पुष्कळ पण पाणी करंगळीएवढे असेल, तर चक्र फिरणार नाही. पाणी पुष्कळ पण उंचीच नसेल, तरीही फिरणार नाही. दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा.

विजेचे अगदी असेच आहे. पाण्याच्या उंचीच्या जागी विभवांतर ठेवावे. ते व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याच्या प्रवाहाच्या जागी विद्युतधारा ठेवावी. ती अँपिअरमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात. आणि पाण्याला नळीतून जाताना नळीचा अरुंदपणा व लांबी जशी अडविते, तशी धारेला तार अडविते. त्या अडवणुकीस रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात.

एका शाळामास्तराचा शोध

ज्यांच्या नावाने हे एकक ओळखले जाते, ते गेऑर्ग सायमन ओहम हे जर्मनीतील एक शाळाशिक्षक होते. त्यांचा जन्म १७८९ साली एर्लांगेन येथे, कुलपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वडिलांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित व विज्ञान आत्मसात केले होते आणि तेच आपल्या मुलांना घरी शिकविले. ओहम १८१७ पासून कोलोन येथील शाळेत शिकवीत होते. तेथील प्रयोगशाळेचा लाभ घेऊन त्यांनी आपले प्रयोग केले.

त्या काळच्या बॅटऱ्यांची वीज एकसारखी राहत नसे. म्हणून त्यांनी १८२६ च्या प्रयोगांत बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला की त्या जोडात स्थिर विभवांतर निर्माण होते. मग एकाच जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या तारा एकामागून एक जोडून प्रत्येक वेळी चुंबकसूची किती वळते, याची त्यांनी नोंद केली. त्या नोंदींतून नियम निघाला : तापमानादी भौतिक अवस्था कायम असताना वाहकातील विद्युतधारा त्याच्या दोन टोकांतील विभवांतराच्या समप्रमाणात असते. १८२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वदेशातील विद्वानांनी प्रारंभी त्याचे स्वागत केले नाही आणि ओहम यांना कोलोनची जागाही सोडावी लागली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. म्यूनिक येथील प्राध्यापकपद त्यांना १८५२ साली, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे, लाभले. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले.

१८४१ सालीच इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनी दुसरी बाजू मोजली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांनी दाखविले. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

सूत्रे आणि पहिले उदाहरण

आता सूत्रे मांडू.

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

या दोहोंपासूनच आणखी दोन रूपे मिळतात.

शक्ती = विद्युतधारा × विद्युतधारा × रोध
शक्ती = विभवांतर × विभवांतर ÷ रोध

विजेरीचे उदाहरण घेऊ. दीड व्होल्टचे दोन सेल एकसर जोडले की ३ व्होल्ट मिळतात. लहान दिव्यातून ०.३ अँपिअर धारा वाहते, असे ॲमीटरने दाखविले. तर दिव्याचा रोध ३ ÷ ०.३ = १० ओहम आणि शक्ती ३ × ०.३ = ०.९ वॅट. हा प्रयोग मुलांनी घरी अवश्य करावा. ॲमीटर नेहमी परिपथात एकसर, म्हणजे धारेच्या वाटेतच, आणि व्होल्टमीटर दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडावा, हा नियम मात्र पाळावा. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर मुलांनी असे मोजमाप कदापि करू नये. तेथे उपकरणावर छापलेले आकडे वाचावेत आणि गणित कागदावर करावे.

एक सूचना येथे आवश्यक आहे. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचे गणित केले, तर २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम एवढा रोध येतो. पण तोच बल्ब बंद व थंड असताना मल्टिमीटरने मोजला, तर तीस-चाळीस ओहमच्या आसपासच रोध दिसतो. गणितही बरोबर आहे आणि मीटरही. जळत्या बल्बातील तंतू दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो, म्हणून त्याचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच का जातात, याचे उत्तर येथेच आहे. थंड तंतूचा रोध कमी असल्याने पहिल्या क्षणी धारा फार मोठी असते.

पाणी तापविण्याचा रॉड

हिवाळ्यात सातपुड्याच्या पट्ट्यात सकाळी हुडहुडी भरते. घरोघरी बादलीत रॉड पडतो. त्यावर ‘१५०० वॅट, २३० व्होल्ट’ असे छापलेले असते. आपली दोन सूत्रे त्याला लावू.

धारा : १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर
रोध : २३० × २३० ÷ १५०० = सुमारे ३५.३ ओहम

पहिलाच आकडा बोलका आहे. घरातील साधे, लहान छिद्रांचे सॉकेट ६ अँपिअरचे असते; मोठ्या छिद्रांचे १६ अँपिअरचे असते. ६.५ ही संख्या ६ हून मोठी आहे. म्हणून रॉड लहान सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे योग्य नाही. पिन काळी पडते, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. तो त्या जादा धारेचा व सैल जोडाचा पुरावा असतो.

आता समजा, संध्याकाळी दाब उतरला आणि घरात १८० व्होल्टच येऊ लागले. रॉडचा रोध जवळजवळ तोच राहतो. तर

धारा : १८० ÷ ३५.३ = ५.१ अँपिअर
शक्ती : १८० × ५.१ = ९१८ वॅट

विभवांतर सुमारे २२ टक्क्यांनी उतरले, पण शक्ती सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. कारण विभवांतराबरोबर धाराही कमी झाली आणि घट दोनदा मोजली गेली.

मग बिल कमी येईल का? पुष्कळांना तसे वाटते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयास सुमारे १२,५६,००० ज्यूल ऊर्जा लागते. १५०० वॅटने तिला १४ मिनिटे लागतात; ९१८ वॅटने सुमारे २३ मिनिटे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६,००,००० ज्यूल. दोन्ही वेळा खर्च झालेली वीज तेवढीच, सुमारे ०.३५ युनिट. किंबहुना वेळ लांबल्याने बादलीतून उष्णता बाहेर जाते, म्हणून थोडी अधिकच. कमी दाबाने वीज वाचत नाही. वेळ मात्र जातो.

मोटारीचा उलटा न्याय

रॉड आणि मोटार यांत मोठा भेद आहे. शहादा-तळोद्याच्या केळीच्या व उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना तो अनुभवाने ठाऊक आहे. त्याचे कारण समजून घेऊ.

प्रथम शक्तीचे गणित. मोटारीत विभवांतर व धारा यांची लय थोडी मागेपुढे असते. म्हणून नुसता गुणाकार पुरत नाही. त्याला ‘पॉवर फॅक्टर’ या संख्येने गुणावे लागते. एक अश्वशक्तीची, एका फेजवर चालणारी मोटार २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेते आणि तिचा पॉवर फॅक्टर ०.७५ आहे, असे धरू. तर ती घेत असलेली शक्ती २३० × ७ × ०.७५ = सुमारे १,२०० वॅट. त्यांतील ७४६ वॅट, म्हणजे एक अश्वशक्ती, पाणी उचलण्यास उपयोगी पडते. उरलेली बहुतांशी उष्णता होते.

आता दाब उतरला. पंपावर पाण्याचे ओझे तेच आहे. तेवढेच काम करण्यासाठी मोटार कमी विभवांतरावर अधिक धारा ओढू लागते. समजा, धारा ७ वरून ९ अँपिअर झाली. ज्यूल यांच्या नियमाने वेटोळ्यातील उष्णता किती पटींनी वाढेल?

(९ × ९) ÷ (७ × ७) = ८१ ÷ ४९ = सुमारे १.६५ पट

धारा पावपटीहून थोडी अधिक वाढली, पण उष्णता दीडपटीच्याही पुढे गेली. तारेवरील वार्निशाचा लेप ती सहन करू शकत नाही आणि वेटोळे जळते. मोटार पुन्हा भरून घेण्याचा खर्च आणि तोपर्यंत सुकणारे पीक, हे या एका भागाकाराचे मोल आहे. म्हणून स्टार्टरवरील ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवर छापलेल्या धारेप्रमाणे लावावा, तो दाबून किंवा बांधून ठेवू नये. पॅनेलवरील व्होल्टमीटर दाब फार उतरल्याचे दाखवीत असेल, तर मोटार बंद ठेवणे हेच शहाणपणाचे.

दूरची तार

घरातील मीटरपासून दीडशे मीटर अंतरावर शेतातले घर आहे. तेथवर २.५ चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची वायर ओढली आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तारेची लांबी ३०० मीटर धरावी. ॲल्युमिनियमची रोधकता घेऊन गणित केले, तर या तारेचा रोध सुमारे ३.४ ओहम येतो. हा आकडा दिसावयास क्षुल्लक आहे. आता त्या शेतघरात तोच रॉड लावू.

एकूण रोध : ३५.३ + ३.४ = ३८.७ ओहम
धारा : २३० ÷ ३८.७ = ५.९ अँपिअर
तारेत उतरलेले विभवांतर : ५.९ × ३.४ = २० व्होल्ट
रॉडला मिळालेले विभवांतर : सुमारे २१० व्होल्ट
तारेत वाया गेलेली शक्ती : ५.९ × ५.९ × ३.४ = सुमारे ११८ वॅट

तारच ११८ वॅट खाऊन बसली आणि मीटर पलीकडे असल्याने ते पैसेही आपल्याच बिलात आले. त्याच तारेवर नुसता ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर धारा सुमारे ०.०४ अँपिअर आणि तारेतील उतार ०.१४ व्होल्ट, म्हणजे नसल्यासारखाच. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. तारेचा दोष हलक्या भारावर दिसत नाही, जड भारावरच प्रकट होतो. ‘दिवा तर नीट लागतो’ म्हणून तार चांगली, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि दुसरे, तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा होतो. जाड तारेचा खर्च एकदाच होतो; बारीक तारेचा दंड दररोज पडतो.

अर्धा ओहम आणि तीस मिलिअँपिअर

सर्वांत धोकादायक रोध सर्वांत लहान जागी असतो. दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, स्क्रू सैल राहिला, गंज चढला, की त्या सांध्याचा रोध वाढतो. तो केवळ अर्धा ओहम धरला आणि त्यातून रॉडची ६.५ अँपिअर धारा गेली, तर तेथे ६.५ × ६.५ × ०.५ = सुमारे २१ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि ते धातू वितळविते. तेवढीच उष्णता लाकडी पट्टीमागे, गवताच्या छपराशेजारी, एका बोटभर जागेत साठत राहते. पुष्कळ आगी अशाच सांध्यापासून लागतात. हे गणित ज्याने एकदा केले, तो सैल सांधा ‘नंतर पाहू’ म्हणून सोडणार नाही.

फ्यूज येथे वाचवील का? नाही. धारा ६.५ अँपिअरच आहे. १६ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने सर्व काही ठीक आहे. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार बांधणे म्हणजे राखणदाराला झोपेचे औषध देण्यासारखे आहे.

माणसाच्या शरीरालाही हेच सूत्र लागू पडते. त्वचा कोरडी असता शरीराचा रोध पुष्कळ असतो. ओली झाली की तो उतरतो. ओल्या हातापायांसाठी तो १,००० ओहम धरला, तर २३० ÷ १,००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर धारा शरीरातून वाहील. एवढी धारा प्राण घेण्यास पुरेशी आहे. पण ६ अँपिअरच्या फ्यूजला तिची जाणीवही होत नाही, कारण ती त्याच्या मर्यादेच्या पंचविसाव्या हिश्शाएवढीच आहे. फ्यूज आणि एम.सी.बी. तारेचे रक्षण करतात. माणसाच्या रक्षणासाठी आर.सी.सी.बी. नावाचे वेगळे साधन असते. जाणारी व परतणारी धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते वीज तोडते. ते आणि नीट पुरलेले अर्थिंग प्रत्येक घरी असावे. रॉडच्या बादलीत बोट घालून पाणी तापले का, हे पाहण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढावी, हा नियम मुलाबाळांना पाठ असावा.

पुन्हा बिलगावकडे

आता धबधब्यावरची १५ किलोवॅट वीज घरांपर्यंत नेऊन पाहू. २३० व्होल्टवर ती नेली, तर धारा १५,००० ÷ २३० = ६५.२ अँपिअर. वाटेतील तारेचा रोध अवघा अर्धा ओहम धरला, तरी तेथे ६५.२ × ६५.२ × ०.५ = सुमारे २,१२५ वॅट वाया जातील; म्हणजे सातवा हिस्सा. हेच विभवांतर दहापट, म्हणजे २,३०० व्होल्ट केले, तर धारा ६.५२ अँपिअर होईल आणि नासाडी केवळ २१ वॅट. विभवांतर दहापट, नासाडी शंभरावा भाग. डोंगरातून येणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारा आणि गावाशेजारचा ट्रान्सफॉर्मर यांचे कारण हे असे आहे.

आणि मिळालेली वीज किती घरांना पुरेल? ६० वॅटचे जुने बल्ब लावले तर १५,००० ÷ ६० = २५० दिवे. ९ वॅटचे एलईडी लावले तर १,६६६ दिवे. नदीला एक थेंबही पाणी वाढले नाही, तरी दिवे साडेसहापट झाले. शक्तीचे गणित जाणणाऱ्यालाच हे सुचते.

वीज सर्वांपर्यंत, स्वस्त आणि विपुल पोहोचली पाहिजे, हा विचार आपल्या देशात शासकीय धोरणाच्या पातळीवर मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रणी होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीसमोर अध्यक्ष या नात्याने बोलताना त्यांनी विजेचा संबंध औद्योगिकीकरणाशी आणि औद्योगिकीकरणाचा संबंध दारिद्र्यमुक्तीशी जोडून दाखविला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना झाली. तार गावापर्यंत आणणे हे शासनाचे काम आहे. तारेतून आलेल्या विजेचा हिशेब कळणे, हे मात्र प्रत्येक घराचे काम आहे. आणि ते शिकविणे शाळेचे.

स्वाध्याय

पालकांनी व मुलांनी हे प्रश्न एकत्र बसून सोडवावेत. विभवांतर दिलेले नसेल तेथे २३० व्होल्ट धरावे.

१. इस्त्रीवर ७५० वॅट असे छापले आहे. तिची धारा व रोध काढा.

२. ६ व्होल्टच्या बॅटरीवरील दिव्यातून ०.५ अँपिअर धारा वाहते. रोध व शक्ती काढा. दोन तासांत किती वॅट-तास ऊर्जा खर्च होईल?

३. १५०० वॅटचा रॉड आणि ७५० वॅटची इस्त्री ६ अँपिअरच्या एकाच बोर्डावर लावली. एकूण धारा किती? हे योग्य आहे काय?

४. सैल सांध्याचा रोध ०.५ ओहम असून त्यातून ८ अँपिअर धारा वाहते. तेथे किती उष्णता निर्माण होते व किती विभवांतर उतरते?

५. वसतिगृहाच्या एका दालनात चोकसह ५० वॅट घेणाऱ्या १० ट्यूबलाइट रोज ६ तास जळतात. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी नळ्या लावल्या, तर ३० दिवसांत किती युनिटांची बचत होईल?

उत्तरे : (१) ३.२६ अँपिअर, ७०.५ ओहम. (२) १२ ओहम, ३ वॅट, ६ वॅट-तास. (३) ९.८ अँपिअर, मुळीच योग्य नाही. (४) ३२ वॅट, ४ व्होल्ट. (५) पूर्वी रोज ३ युनिट, आता १.२ युनिट, ३० दिवसांत ५४ युनिटांची बचत.

हे झाल्यावर आपल्या घरातील प्रत्येक उपकरणाची पाटी वाचून एक तक्ता करावा : नाव, वॅट, धारा, रोज किती तास, रोज किती युनिट. महिन्याची बेरीज बिलाशी ताडून पाहावी. थोडा फरक पडेलच. पण फार मोठा फरक पडला, तर कोठेतरी वीज गळते आहे किंवा एखादे उपकरण बिघडले आहे, असे समजून जाणकार वायरमनला बोलवावे. तक्ता भिंतीवर लावून ठेवावा आणि नवे उपकरण घरात आले की त्यात एक ओळ वाढवावी.